नाते: विहीन

पत्र आलं तेव्हा टेलरबाई हेडबाईंच्या पायाला तेल चोळत होत्या. हात तेलकट, त्यामुळे पत्र हेडबाईंनीच फोडलं. सरकारी पत्र वाचायची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी चष्मा, मग लाल पेन, मग पत्र. शाळेत हेडबाई म्हणून जन्म काढला की माणूस निवृत्त होतो, लाल पेन होत नाही.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. “विहीणबाई, हे बघा काय लिहून ठेवलंय! नात्याच्या रकान्यात ‘विहीन’. बाणाचा ण कुठे गेला यांचा? नळाचा न घालून ठेवलाय मेल्यांनी!”

टेलरबाईंचं लक्ष मात्र त्याखालच्या ओळीवर गेलं. तिथे लिहिलं होतं की अर्जदार ही लाभार्थीशी नातेविहीन असल्यामुळे काळजीवाहक भत्त्यास अपात्र आहे. हेडबाईंनी ‘विहीन’ला लाल गोल केला, बाजूला ठसठशीत ‘ण’ काढला आणि दहापैकी शून्य गुण दिले. टेलरबाई हात पुसत उठल्या आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आल्या. नातेविहीन हा शब्द काही त्यांच्या मनातून हलेना.

तसा नियम सोपा होता. पेन्शनवरच्या माणसाला स्वतःचं स्वतः करता येत नसेल, आणि त्याच छपराखाली राहणारा एखादा नातेवाईक नोकरी सोडून त्याचं सगळं करत असेल, तर त्या नातेवाइकाला सरकार महिन्याच्या महिन्याला भत्ता देतं. छप्पर एकच होतं. करता येत नाही याचा डॉक्टरांनी दाखला दिला होता; हेडबाईंना तो मुळीच मान्य नव्हता ही गोष्ट वेगळी. टेलरबाईंनी गणवेश शिवायच्या कारखान्यातलं काम कधीच सोडलं होतं. राहिलं नातं, आणि तिथेच माशी शिंकली.

नातं सांगायचं तर, हेडबाईंच्या मुलाचं आणि टेलरबाईंच्या मुलीचं लग्न झालं होतं. ‘झालं होतं’ हेच खरं, कारण पुढे ते मोडलं. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. वकिलाकडेसुद्धा दोघं एकमेकांना चहा विचारत बसली होती म्हणे. मग मुलाने परदेशात दुसरा संसार थाटला, मुलीने दुसऱ्या शहरात. मागे उरल्या या दोघी, एकाच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर. दोघींचेही नवरे त्याआधीच गेलेले.

एक दिवस हेडबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. टेलरबाई ‘चार दिवसांसाठी’ म्हणून एक पिशवी घेऊन आल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं शिलाईचं मशीन आलं, मग कुंड्या आल्या. त्याला आता तीन वर्षं झाली, पण ते चार दिवस काही संपले नव्हते. आंघोळ घालण्यापासून नखं कापण्यापर्यंत सगळं टेलरबाई करत, तरी दोघींचं अहोजाहो सुटलं नव्हतं.

“विहीणबाई, पाय उचला.”

“मला उचलता आला असता तर तुम्हाला काय आरती ओवाळायला ठेवलं असतं का, विहीणबाई?”

असं चाले. आणि चाकाची खुर्ची घरातल्या बोळातून जायला लागली की फोटोवरून ठरलेलं भांडण होई. मुलांच्या लग्नाचा तो मोठा फोटो अजून भिंतीवर होता, कारण तो काढला तर मागची ओल दिसली असती. फोटोत हेडबाई मधोमध, ताठ, पुढे. त्यांच्या खांद्यामागे एक कान. तो कान म्हणजे टेलरबाई.

“ऐन वेळी पुढे सरकलात,” टेलरबाई म्हणत.

“तुम्ही मागे सरकलात,” हेडबाई म्हणत. खुर्ची बोळाबाहेर पडली की भांडण मिटे. मिटे म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबे.

पण आता थट्टेचे दिवस राहिले नव्हते. गाठीचे पैसे संपत आले होते. भत्ता मिळाला नाही तर टेलरबाईंना पुन्हा कारखान्यात जावं लागणार, सकाळी जाऊन अंधार पडता परत. मग हेडबाईंकडे कोण बघणार? मुलाने फोनवर एक वृद्धाश्रम शोधूनही ठेवला होता. “आई, बाग आहे, लिफ्ट आहे, सगळी सोय आहे.” “मग तू जाऊन राहा,” असं सांगून हेडबाईंनी फोन ठेवला होता. पण त्या दिवसापासून जेवताना त्यांनी आमटीला नावं ठेवणं बंद केलं होतं.

“उद्या कचेरीत जायचं,” हेडबाईंनी जाहीर केलं. “शुद्धलेखन सुधारून घ्यायला.”

टेलरबाई हो म्हणाल्या. शुद्धलेखन सुधारेल, पण मुलांचं विचारलं तर काय सांगायचं, हे काही त्या बोलल्या नाहीत. त्यांना खोटं बोलता येत नसे. बोलल्या की कान लाल होत, आणि कान तर फोटोतसुद्धा आलेला.

कचेरीत एकमेकींना जखडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या, वर एक पंखा होता आणि काचेच्या खिडकीमागे एक कारकून. हेडबाईंनी लाल गोल केलेलं पत्र खिडकीतून आत सरकवलं.

कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिलं. “यावर गुण कोणी दिलेत?”

“मी. हे तुम्ही लिहिलंय?”

“यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, सून, जावई एवढंच आहे, आजी. बाकी सगळं ‘इतर’मध्ये हाताने टाइप करावं लागतं. घाईत न पडला. बोलताना काय, न म्हटलं काय आणि ण म्हटलं काय, एकच.”

टेलरबाईंनी डोळे मिटले. आता या पोराचं काही खरं नाही, हे त्यांना कळून चुकलं.

“एकच?” हेडबाई खुर्चीतच ताठ झाल्या. “मन आणि मण एकच का? माझं मन मी एकटी सांभाळते, बाळा. माझा मण उचलायला या विहीणबाई लागतात. रोज. दोन वेळा.”

रांगेतले लोक फिदीफिदी हसायला लागले. कारकूनही हसला, बिचारा मनाने चांगला होता. त्याने पडद्यावर ‘विहीन’ खोडलं, ण शोधून काढला, मोठ्याने “वि-ही-ण” म्हणत टाइप केलं, नोंद छापून काढली, तिच्यावर शिक्का मारला आणि कागद हेडबाईंच्या हातात दिला. हेडबाईंनी दहापैकी नऊ दिले. एक गुण अक्षर यंत्राचं म्हणून कापला.

टेलरबाईंना वाटलं, सुटलो.

“फक्त एवढंच,” कारकून पुढचा रकाना वाचत म्हणाला, “मुलगा आणि सून सध्या कुठे असतात?”

“मुलगा परदेशात,” हेडबाई म्हणाल्या आणि वर पंख्याकडे बघायला लागल्या.

“आणि सून?”

टेलरबाईंचे कान लाल झाले. “ते आता वेगळे झालेत,” त्या म्हणाल्या. “रीतसर.”

कारकुनाचे हात थांबले. “घटस्फोट? मग तुम्ही आता विहिणी नाहीच की हो.” त्याला वाईट वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं. “मला काही करता येणार नाही. आत मॅडमना भेटा.”

आतल्या खोलीपर्यंत खुर्ची ढकलताना टेलरबाईंना ती कधी नव्हे इतकी जड लागली. “जीभ आवरता आली नाही ना?” हेडबाई पुटपुटल्या. तो कारकून बोलला तेच टेलरबाई मुलांच्या घटस्फोटापासून मनात घोळवत आल्या होत्या. आपण या घरात कोण? मुलीकडच्या म्हणून आधी जरा मागेच उभ्या, आणि आता तर मुलीकडच्याही नाही. हेडबाईंचा चांगुलपणा म्हणून आपण आहोत. आजवर कोणी बोललं नव्हतं, आज खिडकीतून बोललं गेलं.

मॅडम चाळिशीच्या, केस वर बांधलेल्या, समोर नियमांचं जाडजूड पुस्तक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान काढलं. “‘रक्ताचे अथवा विवाहाने जुळलेले नाते.’ विवाह तर मोडलाय. मग नातं राहिलं कसं?”

हेडबाई याच प्रश्नाची वाट बघत असाव्यात. “‘जुळलेले’ म्हटलंय. जुळलं होतं का, एवढंच विचारलंय. अजून टिकलंय का, हे विचारायचं होतं तर तसं लिहायला हवं होतं.”

“बाई, मला व्याकरणावर सही करता येत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि टेलरबाईंकडे वळल्या. “तुम्हीच सांगा. तुम्ही यांच्या कोण लागता?”

टेलरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी चार दिवसांसाठी आले होते,” शेवटी त्या म्हणाल्या.

“या काय सांगणार!” हेडबाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “या जन्मात स्वतःहून पुढे आल्यात का कधी? मी सांगते. घटस्फोट मुलांनी घेतला. आम्ही घेतलेला नाही. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सून न्या, विहीण ठेवा. माझं हाड मोडलं तेव्हा मी मुलाला फोन केला नव्हता, यांना केला. मला न्हाणीत तशा अवस्थेत बघायला मी परक्या बाईला बोलावीन का?”

हेडबाईंचा आवाज कापत होता. शाळेत तो कधी कापला नव्हता. टेलरबाईंना एकदम रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे नाकातून विचित्र आवाज निघाला.

मॅडम पुस्तकाची पानं उलटायला लागल्या, पुढे, मागे, पुन्हा पुढे. “घटस्फोटाच्या कागदावर तुम्हा दोघींपैकी कोणाची सही आहे?”

“आमची कशी असेल?”

“नाही ना? मग ऐका. ‘कचेरीत नोंदलेले कोणतेही नाते, संबंधित व्यक्तींनी स्वतः लेखी कळवल्याखेरीज, संपले असे समजू नये.’ म्हणजे मोडल्याचा कागद असल्याशिवाय मला ते बंद करता येत नाही.” त्यांनी वर पाहिलं. “पण नातं नोंदलेलं तर हवं. तुमच्या अर्जात ते ‘विहीन’ होतं.”

हेडबाईंनी हातातला कागद शांतपणे टेबलावर ठेवला आणि ‘विहीण’वर बोट टेकलं. “तुमच्याच माणसाने नोंदलंय. शिक्क्यासकट. शाई अजून ओली असेल.”

मॅडमनी शिक्क्याला बोट लावून पाहिलं. बोट निळं झालं. मग त्या खुर्चीत मागे रेलून मोकळेपणाने हसल्या, आणि गंभीर चेहरा करायचा प्रयत्न करत म्हणाल्या, “नियमाप्रमाणे विचारावं लागतं. हे नातं संपवायचं आहे, असं तुमच्यापैकी कोणी लेखी कळवतंय का?”

“छे!” दोघी एकदम म्हणाल्या.

मॅडमनी सही केली. टेलरबाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या मॅडमचं सगळं शिवणकाम जन्मभर फुकट करून द्यावं. तसं त्या बोलल्याही. मॅडम म्हणाल्या की असं केलंत तर ते काम समजलं जाईल आणि भत्ता बंद होईल.

बाहेर कारकुनाच्या कानावर सगळं गेलंच होतं. त्याने खिडकीशेजारचा छोटा कॅमेरा वळवला. “आता फक्त काळजीवाहक आणि लाभार्थी यांचा एकत्र फोटो. ओळखपत्रावर लागतो. तुम्ही खुर्चीच्या मागे उभ्या राहा,” तो टेलरबाईंना म्हणाला.

टेलरबाई सवयीने मागे गेल्या.

“थांबा,” हेडबाई म्हणाल्या. “माझी खुर्ची मागे घ्या. विहीणबाई, पुढे या.”

“अहो, मी पुढे आले तर खुर्ची कोण धरणार?”

“तिला ब्रेक आहे. या म्हणते ना.”

टेलरबाई पुढे आल्या. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते पोटाशी धरले. कारकुनाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. “आजींचा नुसता कान दिसतोय.”

“दिसू दे,” हेडबाई म्हणाल्या. “फिटंफाट झाली.”

“नाही चालत, दोन्ही चेहरे पूर्ण दिसायला हवेत. नियम आहे.”

शेवटी टेलरबाई खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसल्या, हेडबाई बाजूला वाकल्या आणि दोघींचे गाल एकमेकींना टेकले. तीन वर्षं अंग चोळून दिलं होतं, पण गाल टेकल्याचं टेलरबाईंना आठवत नव्हतं. हेडबाईंचा गाल ऊन होता आणि जरा ओलाही.

“हलू नका,” कारकून म्हणाला.

“तुम्ही सरकताय, विहीणबाई.”

“मी नाही सरकत, तुम्ही सरकताय.”

फ्लॅश उडाला. त्या फोटोची मोठी प्रत आता बोळात लग्नाच्या फोटोशेजारी आहे, तिथेही ओल आली म्हणून. दोघी अगदी मधोमध आहेत आणि दोघींची तोंडं उघडी आहेत.