रविवारचा शिक्का

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता शहराची लक्तरं वेशीवर टांगली जायची, आणि ती बघायला माणसं अर्धा तास आधी येऊन खुर्च्या धरून बसायची. एकूण पाच व्याख्यानं. बोलणारे एक निवृत्त प्राध्यापक, बारीक चणीचे, पण आवाज असा की बाहेर जिन्यात उभं राहिलं तरी शब्दन् शब्द कळावा. पहिल्या गुरुवारी त्यांनी बागेच्या जागा कुणी गिळल्या ते सांगितलं, दुसऱ्या गुरुवारी दवाखान्यातली औषधं, तिसऱ्या गुरुवारी पूल. लोक मजेत ऐकत होते. जुन्या चोरांवर हसायला कुणाच्या बापाचं काय जातं?

शेवटच्या रांगेत, दाराला लागून असलेल्या खुर्चीत एक म्हातारा बसायचा. ऑफिसात त्याला सगळे तारीखमास्तर म्हणायचे. नगरपालिकेच्या आवक विभागात छत्तीस वर्षं काढली त्याने. येईल तो कागद घ्यायचा, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत चढवायचा आणि पुढे ढकलायचा. रोज सकाळी टेबलाशी बसल्यावर पहिलं काम म्हणजे शिक्क्याची चकती एक घर पुढे फिरवायची. सोमवारी मात्र दोन घरं, कारण मधला रविवार गिळायचा असतो. हे एवढं ध्यानात ठेवणं, हीच त्याची विद्या.

"तुम्ही आणि व्याख्यान?" बायको म्हणाली होती. "स्वतःच्या निरोप समारंभातलं भाषण बसल्या बसल्या घोरून काढलंत."

"वेळ जातो," तो म्हणाला.

खरं तर त्याला पाचांतलं एकच ऐकायचं होतं, चौथं. पाण्याच्या टाकीचं. पण एकदम चौथ्यालाच उगवलो तर कुणाच्या तरी डोळ्यावर येईल, म्हणून तो पहिल्यापासून जाऊन बसला. त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत होती म्हणा. पण मनात काळंबेरं असलं की माणसाला वाटतं, रस्त्यावरचा खांबसुद्धा आपल्याकडेच बघतोय.

टाकीची गोष्ट अशी. चाळीस वर्षांपूर्वी एका शनिवारी, अकरा तारखेला पहाटे, डोंगराच्या उतारावरची नवीकोरी टाकी फुटली आणि खालच्या वस्तीतली एकोणीस माणसं झोपेतच गेली. टाकीला तडा गेला आहे, असं तिथल्या पंप चालवणाऱ्याने नऊ दिवस आधीच लिहून कळवलं होतं. ते पत्र तीन तारखेला नगरपालिकेत पोचलंही होतं. आणून दिलं नगरपालिकेच्याच टपालाच्या शिपायाने. त्याचं टोपणनाव झटपट. कॅनव्हासची पिशवी खांद्याला मारून हा माणूस अख्खं शहर पायी पालथं घालायचा, आणि दुपारच्या जेवणाला तारीखमास्तरच्या टेबलाशीच येऊन डबा उघडायचा. टपाल दिलं की वहीत सही घ्यायची, असा नियम. झटपट बाकी सगळ्यांची घ्यायचा, मास्तरची नाही.

"तुझी सही काय घ्यायची?" म्हणायचा. "तू काय पळून चाललायस?"

पाकिटावर मोठ्या साहेबांचं नाव होतं. साहेबांच्या नावाचं पाकीट फोडायचं नाही, तसंच आत पाठवायचं, आणि बाहेर आलं की मग शिक्का मारायचा, ही त्या ऑफिसची रीत. पाकीट आत गेलं आणि साहेबांच्या खणात जाऊन पडलं. टाकी बांधणारा ठेकेदार साहेबांचा सख्खा मेहुणा होता, त्यामुळे ते बाहेर यायला कुणालाच घाई नव्हती. टाकी फुटली तेव्हा घाई झाली. सोमवारी सकाळी साहेब कधी नव्हे ते स्वतः टेबलापाशी आले, पत्र पुढे ठेवलं, आणि हळूच म्हणाले, "आजची तारीख मारा."

मास्तरने मारली. घरी दोन लहान मुलं होती, नोकरी कच्ची होती, आणि साहेब टेबलाला टेकून उभे होते. कारणं हवी तेवढी सापडतात. त्या गडबडीत सवयीने त्याने चकती एकच घर फिरवली. पत्रावर बारा तारीख उमटली. बारा तारखेला रविवार होता. साहेब कागद घेऊन गेल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. त्याने चकती आणखी एक घर फिरवली आणि दिवसभराच्या बाकी कागदांवर तेरा तारीख मारली.

मग चौकशी बसली. दोन तारखेचं पत्र बाराला पोचतं, म्हणजे मधले दिवस ते कुठे होतं? शिपायाच्या पिशवीत. झटपट ओरडून सांगत होता, मी तीन तारखेलाच दिलं, मास्तरला विचारा. मास्तरला विचारलं. तो म्हणाला, "शिक्क्यावर असेल ती तारीख." तेवढंच. पुढचे सहा महिने त्याला झोपेत कॅलेंडर दिसायचं. कुणीतरी भिंतीकडे बघेल आणि म्हणेल, अहो, त्या दिवशी तर ऑफिसला कुलूप होतं. पण चौकशीवाल्यांना बघायचंच नव्हतं, आणि पेपरवाल्यांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. झटपटची नोकरी गेली. मास्तर वर्षाच्या आत हेडक्लार्क झाला. त्याने आयुष्यात कुणाकडून एक पैसा खाल्ला नाही, असं बायको आजही चारचौघांत सांगते, आणि ते खरं आहे. ती सांगायला लागली की तो उठून गॅलरीत जातो.

चौथ्या गुरुवारी सभागृह खचाखच भरलं. प्राध्यापकांनी टाकीचे फोटो दाखवले, वस्तीचा चिखल दाखवला, ठेकेदाराने सिमेंटमध्ये किती वाळू कालवली ते सांगितलं. मग पडद्यावर ते पत्र आलं. भिंतभर मोठं. आणि वर उजव्या कोपऱ्यात गोल शिक्का, किंचित तिरका, हाताएवढा आकडा. बारा. दीडशे माणसं त्या आकड्याकडे टक लावून बघत होती आणि एकालाही तो दिसत नव्हता.

"वर चोर होतेच," प्राध्यापक म्हणाले. "पण एकोणीस माणसं वाचली असती. एका शिपायाने हे पत्र नऊ दिवस पिशवीत ठेवलं. भ्रष्टाचार नुसता पैशाचा नसतो, आळशीपणाचाही असतो. शिक्का तुमच्यासमोर आहे. शिक्का खोटं बोलत नाही."

तेवढ्यात भिंतीला टेकून उभी असलेली बाई पुढे आली. सभागृहाची सगळी व्यवस्था तीच बघायची. खुर्च्या लावणं, माईक फिरवणं, शेवटी पंखे बंद करणं. पन्नाशीची, चालणं तुरुतुरु. मास्तरने तिला पहिल्याच गुरुवारी त्या चालीवरून ओळखलं होतं आणि तेव्हापासून मान वर केली नव्हती.

"सर, ते माझे वडील," ती म्हणाली. माईक तिच्याच हातात होता, पण तिने तो तोंडाशी धरला नाही. "त्यांनी एकही पत्र कधी रात्रभर ठेवलं नाही. आम्हाला जेवायला उशीर झाला तरी आधी पिशवी रिकामी करायचे. तेवढं एक वाक्य नका हो बोलू."

प्राध्यापक मनाने वाईट नव्हते. चष्मा काढून म्हणाले, "ताई, मला कल्पना नव्हती. पण मी कागदावर चालतो. व्याख्यानांचं पुस्तक होतंय, पुढच्या शुक्रवारी छापायला जाईल. त्याआधी तुमच्याकडे, किंवा इथं बसलेल्या कुणाहीकडे काही पुरावा असला, तर द्या. ते वाक्य मी स्वतःच्या हाताने काढीन."

मास्तरचा हात वर गेला. त्याने तो वर केला, का तो आपोआप गेला, कोण जाणे. सांगायचं होतं ते एवढंच, सर, बारा तारखेला रविवार होता. शिक्का मी मारला, हेसुद्धा सांगायची गरज नव्हती. एवढं जरी बोलला असता तरी काम झालं असतं. ती लगबगीने रांगांमधून आली आणि डोळे पुसत त्याच्यापुढे माईक धरला. इतक्या जवळून तिचा चेहरा झटपटचाच होता, फक्त दमलेला. सगळ्या माना मागे वळल्या.

"मागे," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "मागे नीट ऐकू येत नाही."

लोक हसले. इतका वेळ ताण होता, तो एकदम सुटला. प्राध्यापकही हसले, म्हणाले, "मोठ्याने बोलतो, आजोबा," आणि मोठ्याने बोलायला लागले.

व्याख्यान संपल्यावर त्याला पळ काढायचा होता, पण घाईत जिन्याची पायरी चुकली. तिने येऊन दंड धरला.

"सावकाश, काका. अहो, चार आठवडे ऐकू येत नव्हतं तर आधी सांगायचं नाही का?"

"तसं काही नाही," तो म्हणाला. मग न राहवून विचारलं, "वडील आहेत?"

"नाही. अकरा वर्षं झाली जाऊन." ती एकेक पायरी त्याच्या बरोबरीने उतरत होती. "लोकांनी नावं ठेवली त्याचं मला इतकं नाही वाटत, काका. लोकांची तोंडं कोण धरणार? पण शेवटी शेवटी त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. ती पिशवी जपून ठेवली होती. रात्री-अपरात्री उठायचे, उलटी करून झटकायचे, शिवणीत बोटं घालून बघायचे. म्हणायचे, राहिलं असेल गं माझ्याच हातून, एवढे सगळे सांगतात ते काय खोटं असेल? ऑफिसात त्यांचा एक मित्र होता, तारीख मारायचा. त्याच्याबद्दल तर अवाक्षर काढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तो खोटं नाही बोलायचा, म्हणजे मीच विसरलो असणार."

मास्तरने कठडा घट्ट धरला. तिला वाटलं, दम लागला असेल, म्हणून ती थांबली, आणि खाली जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. ते पाणी त्याला प्यावं लागलं.

त्या आठवड्यात तो बराचसा वेळ गॅलरीतच बसून होता. बायकोने विचारलं, "व्याख्यान पोटात गेलं की काय?" तो म्हणाला, ॲसिडिटी. मुलाला सांगून त्याने त्या वर्षाचं कॅलेंडर मोबाईलवर काढायला लावलं, जणू त्याला ठाऊकच नव्हतं. बुधवारी एका चिठ्ठीवर लिहिलं: त्या महिन्याच्या बारा तारखेला रविवार होता, आवक विभाग बंद होता, शिक्का मी मारला. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख. अक्षर अजून वळणदार होतं. चिठ्ठी घडी करून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या रात्री गाढ झोप लागली.

गुरुवारी तो पावणेपाचला पोचला. दाराजवळची त्याची खुर्ची जागेवर नव्हती.

"काका, इकडे," ती पुढून हात हलवत होती. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, तिने त्याची खुर्ची मांडली होती. पाठीला उशी. शेजारी स्टुलावर एक लाऊडस्पीकर, त्याच्याकडे तोंड करून. "घरून आणलाय. आमच्या मुलाचा आहे. आज एक शब्द चुकणार नाही तुमचा."

तो बसला. मागे दीडशे माणसं, पुढे चार हातांवर पडदा. आज शेवटचं, म्हणून प्राध्यापकांनी आधीच्या चारही व्याख्यानांची उजळणी केली. बागा, औषधं, पूल. मग पत्र आलं. इतक्या जवळून त्या बाराच्या आकड्यातला शाईचा डागसुद्धा दिसत होता. "आणि ते शिपायाचं प्रकरण," प्राध्यापक तिच्याकडे न बघता म्हणाले. "गेल्या वेळी मी पुरावा मागितला होता. कुणी काही आणलेलं नाही. तेव्हा नाइलाज आहे."

ती भिंतीशी उभी होती. तिने मान खाली घातली, एवढंच.

मास्तरने डाव्या हाताने खिसा चाचपला, चिठ्ठी होती. उजवा हात वर केला. या वेळी त्याने स्वतः केला, पूर्ण वर, शाळेतल्या पोरासारखा.

प्राध्यापक थांबले आणि समजुतीने हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबांना ऐकू येत नाहीये, आवाज वाढवा." ती धावतच आली. गुडघ्यांवर बसून तिने लाऊडस्पीकरचं बटण फिरवलं, तोंड आणखी त्याच्याकडे वळवलं, आणि खालून वर त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते, तरी ती हसली.

"आता येतं ना ऐकू, काका?"

हात अजून वरच होता. त्याने तो खाली घेतला.

"येतं," तो म्हणाला.