मानाचा हात

माझ्या नातवाचा गेल्या महिन्यात महाडला सत्कार झाला. तो इथल्या एका कारखान्यात माणसं भरती करतो. आसपासच्या कारखान्यांत हेच काम करणाऱ्यांनी मिळून एक मंडळ काढलंय. वर्षातून एकदा ते आपल्यातल्याच एकाला शाल आणि नारळ देतात, त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलतात. मला पुढच्या रांगेत खुर्ची होती. शाल खांद्यावर येताना पोरगा लाजून दोन्ही हात हलवत म्हणाला, "नको हो, नको." लोक हसले, टाळ्या पडल्या.

सून माझ्या कानाशी वाकली. "आई, घाम का आलाय तुम्हाला?"

मी म्हटलं, "पंखा लांब आहे." तिला काय सांगणार? असं 'नको' मी आमच्या अंगणात ऐकलं होतं, एकतीस सालच्या शिमग्यात. तेव्हाही सगळे असेच हसले होते.

माझा बा, भागोजी, मुंबईच्या एका गिरणीत मुकादम होता. साहेबाला माणसं लागली की तो मुकादमाला सांगे. मुकादम गावाकडून माणसं न्यायचा, त्यांना काम शिकवायचा, कुणी चुकलं तर साहेबासमोर उभा राहायचा. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातले असे सात मुकादम वेगवेगळ्या गिरण्यांत होते. सातांमध्ये एक बाई होती, ठकूबाई. ती सूत गुंडाळणाऱ्या बायकांवर नाईकीण, म्हणजे बायकांची मुकादम, होती. तंबाखू खायची आणि कुणालाही अरे-तुरे करायची.

ह्या सातांची मंडळी कुठं लिहिलेली नव्हती, पण तिचे नियम पक्के होते. दुसऱ्याच्या वाडीतला माणूस फोडायचा नाही. एखादा आजारी पडला तर त्याची जागा बाकीच्यांनी राखायची. शिमग्याला सगळे गावी यायचे, तेव्हा पालखी घरोघर फिरून झाली की तिसऱ्या दिवशी दुपारी कुणातरी एकाच्या अंगणात जमायचे आणि एकाला मान द्यायचे. एकेकाने उठून त्याने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मग फेटा, मग नारळ. शेवटी मानाचा हात.

मानाचा हात म्हणजे माणूस. ज्याच्या अंगणात मंडळी बसे, तो आपल्या हाताखालचा एक चांगला कामगार मान घेणाऱ्याला द्यायचा. कामगाराचा हात धरून त्याच्या हातात ठेवायचा. त्या दिवसापासून तो कामगार त्याच्या खात्यात. कसाबसा माणूस देऊन चालत नसे. त्या सातांतल्याच चांगूने एकदा माझ्या बाला एक आळशी माणूस दिला होता, तर 'चांगूचा म्हातारा बैल' म्हणून सात वर्षं त्याची थट्टा चालली होती.

आणि मान घेणाऱ्याने 'नको' म्हणायचं. फेट्याला, नारळाला, हातालाही. आनंदाने पुढं झाला तर हावरा ठरायचा. जितक्या जोरात नको म्हणेल, तितका तो मोठा.

त्या वर्षी मंडळी आमच्याकडे होती आणि मान हैबतीकाकांचा होता, लागोपाठ तिसऱ्या वर्षी. काकाही सातांतलेच, दुसऱ्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्याचे मुकादम, आणि बाचे जवळचे मित्र. दोन वर्षांपूर्वी बा मुंबईत विषमज्वराने अडीच महिने खोलीत पडून होता. दुसरा कुणी असता तर त्याने बाची जागा घेतली असती. काकांनी स्वतःची पाळी संपवून रोज बाच्या गिरणीच्या दाराशी जाऊन त्याची माणसं आत घातली, साहेबाला थोपवलं. बा ते विसरला नव्हता. "आवंदा असा हात देतो," तो आयला म्हणाला, "की खोऱ्यात कुणी दिला नसंल."

तो हात कुणाचा, हे मला चुलीपाशी कळलं. माझ्या नवऱ्याचा.

ह्यांचं नाव महिपत. तेव्हा मी ते घेत नव्हते, आता लिहिते. लग्नाला वर्ष झालं होतं. मी सतरा वर्षांची. हे बाच्याच हाताखाली साच्यावर कापड विणत होते, आणि बाच्या माणसांत ह्यांच्याइतका हुशार दुसरा नव्हता. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मामांनी शब्द काढलाय. मी काय नाय म्हणू?" आणि हसले. ह्यांना त्यात मोठेपणा वाटत होता.

मला मात्र मावशीचा निरोप आठवत होता. माझी मावशी शिवथरला दिलेली. तिचा सोनबा हैबतीकाकांना असाच मानाचा हात म्हणून दिला होता, त्यांच्या पहिल्या मानाच्या वेळी. कापूस पिंजायच्या खात्यात त्याला लावलं. त्यानंतर दोन शिमगे झाले, सोनबादादा आला नाही. आमच्याकडे कितीही अडचण असो, शिमग्याला माणूस येतो. नाहीच आला तर त्याचं पागोटं पालखीपुढं पाटावर ठेवायचं, म्हणजे देवाने त्यालाही पाहिलं असं होतं. मावशीने दोनदा पाटावर पागोटं ठेवलं होतं. काकांना दुसऱ्यांदा मान मिळाला तेव्हा दिलेला तुडीलचा माणूस, त्याच्याही घरी ह्या वर्षी पाटावर पागोटंच होतं. विचारलं की काका सांगत, "सुट्टी नाय मिळाली."

काका सकाळीच आले. सगळ्यांच्या आधी. मी मागच्या दारी भांडी घासत होते. त्यांनी तोंड धुवायला पाणी मागितलं आणि पाण्याच्या दगडी डोणीपाशी वाकले, ते वाकलेलेच राहिले. एवढा खोकला मी माणसाला आलेला पाहिला नव्हता. खोकला थांबला तेव्हा दगडावर जे पडलं होतं त्यावर त्यांनी घाईघाईने पाणी ओतलं. पण मी पाहिलं. त्यात लाल होतं आणि कापसाचे पांढरे बारीक धागे होते.

"काका, मावशीनं विचारलंय. सोनबादादा कधी येतो?"

ते तोंड पुसत राहिले.

"मैना, तुझ्या बानं कुणाचा हात काढलाय?"

मी मान खाली घातली. त्यांना कळलं.

"बाला सांग, मला माणूस नको. नारळ दे म्हणावं नुसता. तुझ्या माणसाला साच्यावरच राहू दे."

"तुम्हीच सांगा ना काका."

"मी सांगितलं तर..." ते इकडंतिकडं बघून म्हणाले, "मंडळीत सांगितलं तर मला उद्यापासून कोण माणूस दील? आन् माणसं नाय नेली तर साहेब मला ठेवील व्हय? घरी सहा तोंडं हायती गो."

"सोनबादादा हाय ना?"

त्यांनी तांब्या उपडा ठेवला आणि पुढच्या दारी गेले.

मी आयला सांगितलं. आयने हातातलं पीठ झटकलं आणि पडवीत जाऊन बाला सांगितलं. मी दाराआड उभी होते.

"हैबती म्हणतो, माणूस नको."

बा खूश होऊन हसला. "म्हणणारच! त्याचा मोठेपणा हाय तो. मंडळी बसायच्या आधीपासूनच नको म्हणाया लागला बघ!"

"तसं नाय वो. पोरगी म्हणते, रक्त पडलं त्याच्या..."

"येसू, माझ्या उपकाराच्या माणसाबद्दल माझ्याच घरात बोलू नको."

दुपारी मंडळी बसली. अंगण सारवलेलं, मधे पाट, पाटावर हैबतीकाका. आम्ही बायका दाराच्या आत. ठकूबाई तेवढी पुरुषांत बसली होती.

गोमाजी शिवथरचा, सोनबाला ह्यानेच दिलं होतं. तो पहिला उठला. म्हणाला, "माझ्या भावाचं बोट यंत्रात गेलं, तेव्हा ह्या हैबतीनं त्याला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं." चांगू म्हणाला, "मला खोली नव्हती, तेव्हा ह्यानं आपली पथारी आवळून मला जागा दिली." ठकूबाई बसल्या बसल्याच म्हणाली, "ह्यानं माझ्या बायांकडं कधी वाकड्या डोळ्यानं बघितलं नाय. तुमच्यातला एकटाच." सगळे हसले. "ठकूबाई, आमच्या डोळ्यांचा हिशेब मंडळीत नको," गोमाजी म्हणाला, आणि आणखी हसू झालं. सगळं खरं होतं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणून तर मला दाराआड जास्तच थंड वाटत होतं. बाहेर फाल्गुनातलं ऊन तापलं होतं, आणि माझ्या पायाला सारवण गार लागत होतं.

काका मान खाली घालून ऐकत होते. अधूनमधून उपरण्याच्या शेवात खोकत होते.

बा उठला. अडीच महिन्यांची गोष्ट त्याने सांगितली. सांगताना त्याचा आवाज चिरकला. मग फेटा आणि नारळ काकांपुढं ठेवून त्याने ह्यांना पुढं बोलावलं.

"हैबती, माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला माणूस. माझा जावई. घे."

"नको," काका म्हणाले.

"वा!" कुणीतरी म्हणालं.

"भागोजी, नको. खरंच नको."

"बघा, बघा कसा म्हणतो ते!" चांगू मांडीवर थाप मारून म्हणाला. "मला हात मिळाला तेव्हा मी नुसतं पुटपुटलो होतो."

"नको रे. पाया पडतो." काका पाटावरून उठले. त्यांनी खरोखरच हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. गोमाजी सावकाश म्हणाला, "असा मान घेणारा ह्या खोऱ्यात झाला नाय." माना डोलल्या. ठकूबाईसुद्धा पदराने डोळे पुसत होती.

मला वाटलं, आता बोलतील. आता सांगतील, सोनबा कुठं आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे, दाराकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं. बाने ह्यांचं मनगट धरून पुढं केलं. काकांचा हात लटकता होता, तो बाने दुसऱ्या हाताने उचलला.

मी उंबरा ओलांडला. आयने माझा पदर धरला होता, तो सुटला.

"माझा माणूस जाणार नाय," मी म्हणाले. "सोनबादादा कुठं हाय ते आधी सांगा. तुडीलचा कुठं हाय ते सांगा."

सगळे काकांकडे बघू लागले. त्यांना फक्त एक शब्द बोलायचा होता.

"सुट्टी..." काका म्हणाले. "सुट्टी नाय मिळाली त्यांना."

गोमाजीने सुस्कारा सोडला. झालं ते त्यांच्या दृष्टीने एवढंच होतं: भागोजीच्या पोरीने मंडळीत शिरून पाहुण्याला खोटं पाडलं होतं आणि दिलेला हात मागं ओढला होता. बाचा चेहरा मी आजही डोळ्यांसमोरून काढू शकत नाही. तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ह्यांचं मनगट सोडलं.

"पोर चुकली," तो म्हणाला. "चूक माझ्या घराची हाय, तर भरपाईबी माझ्या घरातूनच. भागोजीच्या घरचा हात द्यायचा ठरला होता. हा घे." आणि त्याने स्वतःचा हात काकांच्या हातात ठेवला. "माझी माणसं महिपत सांभाळंल. मी तुझ्या खात्यात येतो. वीस वर्सं मुकादमी केली, आता तुझ्या हाताखाली कापूस पिंजीन."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग चांगू ओरडला, गोमाजीने आपला फेटा हवेत धरला, सगळे उठून बाच्या पाठीवर थापा मारू लागले. मुकादमाने मुकादमाला स्वतःचा हात दिला, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. काका मधे उभे होते. ते "नको, नको" म्हणत होते, पण त्या कल्लोळात ते फक्त त्यांच्या ओठांवर दिसत होतं.

मी रात्रभर बाच्या पायाशी बसून सांगितलं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. बाने मला समोर येऊ दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी मंडळी महाडवरून दासगावच्या बंदराकडे निघाली. बा पुढं होता, ताठ चालत. लोक रस्त्याच्या कडेला येऊन त्याला पाहत होते. काका सर्वात मागं होते. त्यांनी मानाचा फेटा बांधला नव्हता, काखेत घडी करून धरला होता.

हे मुकादम झाले. चांगले मुकादम झाले. आमचं घर त्यावर उभं राहिलं, माझी पोरं त्यावर शिकली. मंडळीत हात द्यायची चाल ह्यांनी पुढं बंद पाडली. पण ते नंतर.

पुढच्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा आयने बाचं पागोटं पाटावर ठेवलं. आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं. ह्यांनाही काकांनी "भागोजीला सुट्टी नाय" एवढंच सांगितलं होतं. पालखी गेली आणि थोड्या वेळाने काका आले. फार वाळले होते. पायरीखालीच उभे राहिले. काखेत बाचे कपडे होते, धुऊन घडी केलेले, आणि वर तो फेटा, एकदाही न बांधलेला.

आयने घडी घेतली नाही. तिला सगळं समजलं होतं.

"येसूबाई," काका म्हणाले, "मी किती येळा नको म्हटलं होतं गो."

"समदेच म्हणतात," आय म्हणाली, आणि पाटावरचं पागोटं उचलून आत गेली.