पीरसाहेबाच्या दारचा उतार

परवीनला उचलायला गावात माणसांची कधी वाण नव्हती. इंदापूर तालुक्यातलं नीरेकाठचं हे गाव एरवी हातभर बांधासाठी कोर्टात जाणारं, पण पीरसाहेबाच्या उरसात चाकांच्या खुर्चीतली पोरगी दर्ग्याच्या पायऱ्यांपाशी दिसली की हातातला चहा टाकून चौघे धावत यायचे. "धर रं तिकडनं!" "पाय सांभाळ तिचं!" आणि परवीन वर. ज्वारीचं पोतं ट्रॉलीत चढवावं तशी. पोत्याला निदान नंतर कुणी विचारत नाही, बरं वाटलं का म्हणून.

वालचंदनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं स्कूटीला उडवलं तेव्हा ती नुकती कॉलेजातून बाहेर पडली होती. जीव वाचला, कमरेखालचं गेलं. पहिल्या वर्षी तिनं हे उचलणं सोसलं. दुसऱ्या वर्षी चौघांतल्या एकाचा हात नको तिथं लागला आणि लागून राहिला. कुणाचा, ते वर तोंड करून बघेपर्यंत खुर्ची खाली टेकली होती आणि चौघेही पुण्य पदरात पडल्यासारखे हसत होते. पीराच्या दारात आरडाओरडा करायचा तर कुणाच्या नावानं? तिनं वर जाणंच सोडलं. कारण विचारलं तर म्हणायची, गर्दीत गुदमरतं.

तिची आई करिमा मात्र न सांगताच समजली होती. त्यानंतर दर उरसाला करिमा मलिद्याचं ताट घेऊन पायऱ्या चढायची, आतल्या चौकातून मजारीच्या दारापर्यंत जायची, ताट मुजावराच्या हाती द्यायची. परवीन खाली खुर्चीत थांबायची. मागच्या पावसाळ्यात करिमा गेली. उरूस जवळ आला तेव्हा शेजारची बानूबाई म्हणाली, "ताट मी नेते गं पोरी, काळजी नको करू."

"न्हाय मावशी," परवीन म्हणाली. "अम्मीचं ताट मीच नेणार. माझी मी. कुणी अंगाला हात लावायचा न्हाय."

हे तिचा बाप अल्लाबक्ष ऐकत होता. त्याचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. माणूस भोळा, लेकीवर जीव टाकणारा. रोज सकाळी तो तिची खुर्ची मागं कलती करायचा, पुढची चाकं घराच्या उंबऱ्यापलीकडं टाकायचा आणि गुडघ्यानं एक रेटा द्यायचा. तोंडातली बिडीही विझत नसे. पायात चपला सरकवाव्यात तसं ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. लेकीचं बोलणं ऐकून त्यानं त्याच दिवशी टोपी चढवली आणि उरूस कमिटीकडं गेला.

कमिटीचे अध्यक्ष सर्जेराव तात्या. गावातल्या हिंदू-मुसलमानांचा उरूस एकच, त्यामुळं कमिटीही मिळूनमिसळूनच, आणि घोळ घालण्यातही दोघे बरोबरीचे. अल्लाबक्ष म्हणाला, "तात्या, पायऱ्यांच्या एका अंगाला उतार घातला तर खुर्ची वर जाईल. माझी पोरगी हाय, फुलाबाईचं गुडघं गेल्यात, म्हस्कू आबाला दिसत न्हाय. समद्यांचीच सोय हुईल."

"घालू की," तात्या म्हणाले. "पर कुठल्या अंगाला? उजवीकडं आमच्या वडलांचं नाव हाय."

खरंच होतं. दर्ग्याच्या प्रत्येक पायरीला संगमरवर होता आणि प्रत्येक संगमरवरावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ नाव होतं. डावीकडं सरपंचाची आजी, मधे मुजावरांचे थोरले. वर्षभर अख्खं गाव त्या नावांवर पाय देऊन चढत होतं, त्याचं कुणाला काही नव्हतं. सिमेंट चढलेलं मात्र चालणार नव्हतं. दोन बैठका ह्यातच गेल्या. शेवटी बारामती एमआयडीसीत ज्याचा सिमेंटच्या विटांचा कारखाना होता तो राजवर्धन वैतागून म्हणाला, "पायऱ्यांचा नाद सोडा. पूर्वेची भिंत थोडी फोडू आन् तिकडनं उतार काढू. माल माझा."

आणि खरोखर उतार झाला! गावात ठरलेलं काम उरसाच्या आधी झालं, हाच मोठा चमत्कार. नुसता झाला नाही, चांगला झाला. लांब, बेताच्या चढाचा, दोन्ही बाजूंना धरायला पाइप.

उरसाआधी चार दिवस, ऊन कलल्यावर, परवीन बानूबाईला घेऊन तिथं गेली. बाकी कुणी नव्हतं. तिनं चाकांना हात घातला आणि निघाली. निम्म्यात दंड भरून आले, छातीचा भाता झाला. बानूबाई खालून ओरडली, "दम लागला का गं? येऊ का?"

"लागू दे की! तू तितंच थांब!"

ती वर पोचली. भिंतीतल्या नव्या वाटेतून पुढची चाकं चौकातल्या फरशीवर गेली. समोर लिंबाची सावली, पलीकडं मजारीचं दार. किती वर्षांनी बघत होती ती ते दार. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली. पण पुढं गेली नाही. रिकाम्या हातानं नको, अम्मीचं ताट घेऊनच जायचं, असं म्हणून खुर्ची वळवून खाली आली. जायला हवं होतं तिनं. तेव्हाच जायला हवं होतं.

त्या चार दिवसांत अल्लाबक्ष दोनदा इंदापूरला जाऊन आला. येताना डोळ्यांत काहीतरी गुपित. दुकानात उरसाचा माल भरतोय, असं परवीन समजली.

उरसाच्या दिवशी तिनं पहाटे उठून चपात्या कुस्करल्या, गूळ-तूप घातलं, आईसारखाच हाताच्या तळव्यानं मलिदा दाबला. ताट मांडीवर घेऊन ओढणीनं बांधलं. उताराच्या तोंडाशी झेंडूची कमान आणि 'दिव्यांग बांधवांचे स्वागत' असा फलक. बँड वाजत होता. तिनं चाकांना हात घातला. बापानं हात पुढं केला नाही, तो आधीच वर जाऊन उभा होता. नवा सदरा, डोळे भरलेले. लोकांनी वाट करून दिली. बायका म्हणाल्या, बघा, एकली चालली. निम्म्यात दंड भरून आले, तरी ती थांबली नाही.

वर भिंतीतल्या वाटेत जमिनीलगत एक हिरवं कापड पसरलेलं होतं. सर्जेराव तात्यांनी वाकून ते ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली पांढराशुभ्र उंबरा होता. संगमरवरी, वीतभर उंच, वाटेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर काळ्या अक्षरांत: मरहूम करिमाबी अल्लाबक्ष मणेर यांच्या स्मरणार्थ.

"तुझ्या अम्मीला पायरी न्हाय गावली," अल्लाबक्ष म्हणाला. "पायऱ्या समद्या कुणाच्या ना कुणाच्या झालेल्या. मग म्हणलं, ह्या दाराला उंबराच न्हाय, बोडकं दिसतंय. तात्यास्नी इचारलं, तर लगेच व्हय म्हणले. बघ, तुझ्याच वाटंवर तुझी अम्मी."

परवीनची पुढची चाकं दगडाला लागली आणि थांबली. तिनं एकदा जोर लावला. पुन्हा लावला.

"थांब, थांब, मी हाय की," म्हणत अल्लाबक्ष तिच्या मागं आला. रोजच्यासारखी खुर्ची कलती केली. पण घरची जमीन सपाट होती आणि इथं मागं उतार होता. खुर्चीचा सगळा भार त्याच्या अंगावर आला. कमरेत कळ मारली. तो ओरडला, "धरा रं!"

मग काय, धरायला माणसांची वाण नव्हतीच. चौघे धावले. "चाक लावू नगा, नाव हाय!" नईम मुजावर आतून ओरडला. "वर, वर उचला!" खुर्ची वर गेली. परवीननं दोन्ही हातांनी ताट घट्ट धरलं होतं, त्यामुळं दुसरं काही धरायला किंवा झटकायला तिच्याकडं हात नव्हता. तिघांचे हात खुर्चीला होते. चौथ्याचा तिच्या कुशीला होता.

ती चौकात टेकली तेव्हा निम्मा मलिदा उंबऱ्यावर सांडला होता. पायाखाली जाऊ नये म्हणून बायका तो बोटांनी वेचत होत्या, करिमाबीच्या नावाच्या खाचांतून. नईमनं उरलेलं ताट घेतलं आणि दुवा मागितली. परवीनला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. इतक्या वर्षांनी ती दारापर्यंत आली होती, आणि तिला तिथून पळून जायचं होतं, तेवढं मात्र जमण्यासारखं नव्हतं.

अल्लाबक्ष कंबर धरत जवळ आला. "कसा हाय गं दगड?"

त्याच्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "चांगला हाय, अब्बा. नाव झकास उमटलंय."

बानूबाईनं मात्र सगळं बघितलं होतं. ती खुर्चीशी वाकली. "मी सांगू का तात्यास्नी? काढून टाका म्हणून?"

"काय काढा म्हणून सांगशील, मावशी?"

इतर कुणाचं नाव असतं तर परवीननं स्वतः गाव डोक्यावर घेतलं असतं. आईचं नाव फोडा म्हणून ती कुणाला सांगणार होती?

तेवढ्यात सर्जेराव तात्या आले. चेहऱ्यावर कर्तव्यदक्षता ओसंडून वाहत होती. "अल्लाबक्ष, आता तुमी कमरंला त्रास द्यायचा न्हाय. पुढल्या वर्षीपासनं कमिटीची चार पोरं ह्या उंबऱ्यापाशी उभीच ठेवू. खास परवीनसाठी."

अल्लाबक्षानं दोन्ही हात जोडले.

परवीननं ओढणी कमरेभोवती दोनदा गुंडाळून घेतली आणि खाली न्यायला चौघे येईपर्यंत लिंबाच्या सावलीत बसून राहिली.