दोघींच्या संमतीने

आमच्या सूनबाई धरणांच्या भिंती तपासतात. तडा जाण्याआधी तो कुठे जाईल हे त्या सांगू शकतात म्हणे. आमच्या घरात तो कुठे जाईल हे मात्र चिरंजिवांनी ओळखलं, आणि बुजवायला गेले.

झालं असं, की सूनबाईंना परदेशी एका परिषदेत भाषण करायचं होतं आणि चिरंजीव बॅगा उचलायला सोबत निघाले होते. चार वर्षांची भिंगरी, म्हणजे आमची नात, घरी राहणार होती. मागे तिला काही झालं तर उपचारांना होकार कोणी द्यायचा, याचा रीतसर कागद करून ठेवा असं वकिलाने सुचवलं. आता कागद म्हटला की नाव आलं. एक आजी म्हणजे माझी बायको. दुसरी म्हणजे आमच्या विहीणबाई, सूनबाईंच्या आई, ज्या नातीसाठी मुद्दाम राहायला आल्या होत्या. एकीचं नाव घातलं तर दुसरी जन्मभर पाण्यात पाहणार.

"दोघींपैकी कोणीही, असं लिहू या," वकील म्हणाला.

"मग आधी कोण यावरून जुंपेल," चिरंजीव म्हणाले, आणि त्यांनी 'दोघींच्या एकत्र संमतीने' असं लिहायला लावलं. खाली दोघींनी जबाबदारी स्वीकारल्याच्या सह्या केल्या. पेन एकमेकींना देताना काय ते गोड हसणं! चिरंजीव स्वतःवर इतके खूश झाले की वकिलाला दारापर्यंत सोडायला गेले.

माझं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. "बाबांना कशाला उगाच त्रास," सूनबाई प्रेमाने म्हणाल्या. मी आयुष्यभर एका कंपनीचं गोदाम सांभाळलं. माझ्या सहीशिवाय तिथे एक खोकं आत येत नव्हतं की बाहेर जात नव्हतं. पण नातीच्या बाबतीत मी म्हणजे उगाच त्रास. मला राग आला, आणि तो मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून गिळला.

विमान उडालं आणि घरात अधिकाराचा वापर सुरू झाला. उपचारांपुरता असलेला तो कागद दोघींनी भिंगरीच्या मोज्यांपर्यंत ताणला. एकीने खिडकी उघडली की दुसरी लावायची. एकीने दूध गरम केलं की दुसरी ते निवत ठेवायची. "मलाही विचारायला हवं होतं, विहीणबाई," असं बायको म्हणायची. "अहो, कागदातच आहे ना तसं," असं विहीणबाई म्हणायच्या. भिंगरी एवढीशी असून पक्की. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं, की दोन आज्यांमध्ये एकमत होईपर्यंत आपण हवं ते करून मोकळं व्हावं. मी वर्तमानपत्र वाचत बसायचो. मला कोण विचारतंय?

विहीणबाईंनी येताना स्वतःचा वजनकाटा आणला होता. रोज संध्याकाळी भिंगरीला त्यावर उभं करायचं आणि आकडा लेकीला फोनवर कळवायचा, हा त्यांचा नेम. आईबाप परतायच्या दिवशी आकडा जरा खाली आला.

"काट्यात बिघाड आहे," बायको म्हणाली. त्या दिवशी जेवू तिने घातलं होतं.

"काटा चांगला आहे. जेवणात बघा काही बिघाड आहे का," विहीणबाई म्हणाल्या.

झालं. काटा टेबलावर पालथा पडला. झाकण उघडून आतला सेल बाहेर काढला, बटणासारखा चपटा, गोल, चकचकीत. तो उलटा बसला होता की सुलटा, यावर दोघींनी घर डोक्यावर घेतलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. नंतर सेल परत बसवायची वेळ आली तेव्हा तो टेबलावर नव्हता.

"तुम्हीच उचललात."

"मी कशाला उचलू? तुमच्याच हातात होता."

तेवढ्यात भिंगरी माझ्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. तोंडातून लाळ गळत होती. "आजोबा," ती म्हणाली, "गोळी खाल्ली. इथे टोचतंय." आणि तिने गळ्याखाली बोट ठेवलं.

मी रिकाम्या काट्याकडे पाहिलं. त्यानंतर आम्ही टॅक्सीत कसे बसलो हे मला आठवत नाही. भिंगरी माझ्या मांडीवर होती, दोन आज्या दोन बाजूंना. चिरंजिवांचा फोन बंद, सूनबाईंचाही बंद. दोघं परतीच्या विमानात ढगांच्या वर होते.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला. उजेडाच्या काचेवर भिंगरीच्या बरगड्या दिसल्या, इवल्याशा, आणि त्यांच्या मधोमध एक पांढराशुभ्र गोल. डॉक्टर तरुण होत्या, डोळ्यांना झोप नव्हती आणि हाताशी वेळही नव्हता.

"सेल अन्ननलिकेत अडकलाय. तो आतून भाजायला लागतो, भोकसुद्धा पडू शकतं. भूल देऊन दुर्बिणीने काढायचाय, आत्ता. भुलीचा थोडा धोका असतो. आईवडील कुठे आहेत?"

बायकोने कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला आणि दोघींकडे पाहिलं. "छान. मग करा सह्या."

आणि इथे चमत्कार झाला. मोज्यांवरून भांडणाऱ्या दोन बायका एकाएकी इतक्या नम्र झाल्या की बघत राहावं.

"तुम्ही मोठ्या आहात, विहीणबाई," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

"छे छे, माझं काय! पहिला हक्क तुमचा. घर तुमचं, नात तुमची."

"लेक तर तुमची ना? तिला काय वाटेल ते तुम्हालाच कळणार."

"माझं बाई काही म्हणणं नाही. तुम्ही करा, मग मी आहेच."

पेन एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होतं, तापलेलं भांडं द्यावं तसं. मला दोघींचा राग आला आणि दोघींची कीवही आली. उद्या काही वाईट झालं तर होकार आधी कोणी दिला, हे लेक आणि मुलगा विचारणार, आणि तो 'आधी' आता दोघींनाही नको होता.

"अहो, कागदच नसता तर मी माझ्या जबाबदारीवर कधीच आत नेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण इथे तर अधिकार असलेल्या दोघी माझ्यासमोर उभ्या आहेत, धडधाकट. आणखी दोन मिनिटं थांबते. मग कागद गेला उडत."

भिंगरी माझ्या खांद्यावर होती. मघापासून ती रडत होती, आता रडणंही थांबलं होतं. तिची लाळ माझ्या सदऱ्यावरून ओघळत होती. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. माझ्याकडे कसलाच अधिकार नव्हता, पण खोटं बोलायला अधिकार लागत नाही.

"डॉक्टर, एकीची सही चालेल का?" मी मोठ्याने विचारलं. "आमच्या विहीणबाई केव्हाच्या तयार आहेत. ही आमची जरा घाबरलीय."

बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कोण घाबरलंय? आणा ते पेन इकडे!"

"तयार तर मी होतेच," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाचं दुसरं टोक धरलं. दोघींच्या सह्या एकमेकींवर चढल्या. डॉक्टरांनी भिंगरीला माझ्या खांद्यावरून उचललं आणि आमच्या तोंडावर दार मिटलं.

बाहेरच्या बाकावर बायको माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बोटं बधिर झाली. विहीणबाईंनी तिचा दुसरा हात धरला होता. डॉक्टर बाहेर आल्या, छोट्या बाटलीतला काळवंडलेला सेल दाखवला आणि म्हणाल्या, "थोडं भाजलंय, पण भरून येईल. अजून उशीर झाला असता तर वेगळं बोलत असते." तेव्हा कुठे जिवात जीव आला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

आईबाप विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आले. सूनबाईंनी लेकीला कुशीत घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मग चिरंजिवांनी दोन्ही आज्यांचे आभार मानले आणि माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "बघा बाबा, कागद किती कामाला आला!" दोन्ही आज्यांनी खाली पाहिलं.

काही महिन्यांनी सूनबाईंना पुन्हा जायचं निघालं. परत वकील, परत कागद. चिरंजीव पुन्हा 'एकत्र संमतीने' म्हणायला तोंड उघडतात तोच दोघी एका सुरात म्हणाल्या, "नको. या वेळी ह्यांचं एकट्याचं नाव घाला." एवढं एकमत त्या घराने पाहिलं नव्हतं.

शेवटी माझा नंबर लागला होता. कागद माझ्यासमोर आला. खाली, स्वीकारणाऱ्याची सही म्हणून, मोकळी जागा होती. मी पेन उघडलं. जमिनीवर भिंगरी ठोकळे रचत बसली होती, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. आणि मला तिच्या बरगड्या दिसल्या, काचेवर दिसल्या होत्या तशा, आणि मधला तो पांढरा गोल.

"तसं बघायला गेलं तर," माझ्या तोंडून आलं, "विहीणबाई मोठ्या आहेत. त्यांनाच आधी..."

बायकोने आणि विहीणबाईंनी एकमेकींकडे पाहिलं.

"राहू दे रे," बायको मुलाला म्हणाली. "घाबरलेत ते."

"कोण घाबरलंय?" मी ओरडलो आणि ठसठशीत सही ठोकून दिली. सही वाळली, वकील चहा पिऊन गेला, तरी मी घाबरलेलाच होतो.