आखाजीला आलेली लेक

लताबाईंच्या जिभेवर नाती तयारच असायची. भाजीवाला भाऊ, रिक्षावाला दादा, गॅसची टाकी आणणारा भाचा. चोपड्याकडची केळीची शेती मुलाच्या हवाली करून नवराबायको जळगावला पिंप्राळ्यात राहायला आली, आणि बघता बघता बाईंनी गल्लीभर गणगोत जमवलं. "तुनं चालनं तर तू कलेक्टरलेबी व्याही करशी," असं त्यांचे यजमान शालिग्राम आबा म्हणायचे.

मग मागच्या खोलीत मर्झिया भाड्याने राहायला आली. पोर अफगाणिस्तानची, इथल्या विद्यापीठात शिकायला आलेली. शिक्षण संपलं, वसतिगृह सुटलं आणि परत जायची सोय उरली नाही. तिचे वडील तिकडे मुलींची शाळा चालवत. एका सकाळी त्यांना घरातून नेलं, ते परत आलेच नाहीत. तू येऊ नकोस, असा भावाचा निरोप आला. व्हिसाची मुदत संपत आली होती. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठी कार्यालय आहे, तिथे तिने आसरा मागितला होता आणि बोलावण्याची वाट बघत होती. सुरुवातीला ती लताबाईंना आंटी म्हणायची. भाकरी थापायला शिकली तशी माय म्हणू लागली. मग काय, बाई विरघळल्याच.

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लताबाईंची लेक भाविका माहेरी आली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला. मर्झियाने भाविकाची साडी नेसली, कोपरापर्यंत मेंदी काढली आणि दोघी झोक्यावर बसल्या. भाविका आखाजीची गाणी म्हणत होती, मर्झिया अर्धे शब्द गिळून तिच्यामागे सूर लावत होती. तेवढ्यात फाटकाशी पोलीस आला. भाडेकरूंची चौकशी करत तो गल्लीतून फिरत होता.

"या दोघी कोण?"

"मन्या पोरी शेतस, भाऊ. आखाजीले माहेर येल शेतस," लताबाई म्हणाल्या. "बसा, रस घ्या."

पोलिसाने रस घेतला, भाडेकरू नाही असं वहीत लिहिलं आणि गेला. पोरीवरचं संकट वाटीभर रसावर टळलं म्हणून लताबाई दिवसभर खुशीत होत्या.

पुढच्याच आठवड्यात कामिनीताई घरी आल्या. कोर्टात गरजूंना मोफत वकील मिळतो, तशा त्या मर्झियाला मिळालेल्या वकील. दिल्लीहून बोलावणं आलं होतं, आणि तिथलं काम पुरं होईपर्यंत तिला तिकडेच राहावं लागणार होतं. मर्झिया इथे उघडपणे राहते, पोलिसांना तिचा पत्ता ठाऊक आहे, एवढं तिथे दाखवायचं होतं. लताबाईंनी मोठ्या कौतुकाने पोलिसाला कसं वाटेला लावलं ते सांगितलं. कामिनीताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अक्का, परदेशी माणूस घरात राहायला आला की पोलिसांत कळवावं लागतं. आपण कळवलं नाही, ती एक चूक. आणि आता पोलिसांच्या लेखी या घरात ती नाहीच. म्हणजे ती लपून राहतेय. लपणाऱ्याला परत पाठवायला वेळ लागत नाही."

लताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

"मग आता?"

"तुम्ही स्वतः जाऊन खरं सांगा. ती लेक नाही, नातं नाही, परदेशी आहे, भाड्याने राहते. तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, हे आधीच सांगते."

कारवाईची बाईंना भीती वाटली, नाही असं नाही. पण खरी भीती दुसरीच होती. जन्मात त्यांनी कुणाचं नातं तोडलं नव्हतं. धाकट्या जावेशी बोलणं बंद होतं, तरी तिला त्या जाऊच म्हणायच्या. आणि आता जिला मागे घर नाही आणि पुढे गाव नाही, त्या पोरीला तिच्या तोंडावर परकी म्हणायचं? दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. आबांनी समजावलं, "तोंडथिन म्हनानं, मनथिन नही." त्यावर बाई म्हणाल्या की माझं तोंड आणि मन वेगळं कधी होतं?

पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या कक्षात अधिकाऱ्याने मर्झियाकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुमची कोण?"

मर्झिया शेजारीच उभी होती. मेंदीचा रंग अजून उतरला नव्हता. लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलणंच झालं नसतं.

"कोणी नाही, साहेब. परदेशातली आहे. भाड्याने राहते." त्या तशाच पुढे म्हणाल्या, "मी खोटं बोलले. तिने काही लपवलं नाही."

"खोटं का बोललात?"

"आखाजी होती. झोक्यावर बसलेल्या पोरीला परकी कसं म्हणू?"

अधिकाऱ्याने जबाब लिहून घेतला, बाईंना खडसावलं, पुन्हा असं झालं तर गुन्हा नोंदवीन म्हणाला आणि मर्झियाच्या राहण्याची नोंद केली. दिल्लीला जायची वाट मोकळी झाली. कामिनीताईंचा चेहरा उजळला. लताबाईंना मात्र कुणाच्या तरी श्राद्धाला येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

बाहेर आल्यावर त्या मर्झियापासून दोन हात लांबच चालल्या. तिला मराठी कळतं, सगळं कळलं असणार, आता ही पुन्हा आंटी म्हणेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचे डोळे भरून आले.

मर्झिया थांबली. लेकीला आखाजीला आणायला माहेराहून मुराळी जातो, हे भाविकाने तिला झोक्यावर सांगितलं होतं.

"माय," ती अडखळत अहिराणीत म्हणाली, "पुढली आखाजीले मी दिल्लीले ऱ्हासू. मुराळी धाडशी का?"

कचेरीच्या फाटकाशी वाट बघत उभे असलेले आबा पुढे आले. सुरतच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते.

"धाडानं काय शे?" ते म्हणाले. "मीच येसू."