एसटीला आडवं

परंड्याच्या किल्ल्यात आम्ही अकरा मांजरं, आणि तोफ्या आमचा म्होरक्या. तोफेवर ऊन खात पडायचं आणि आम्ही मारलेल्या उंदरातला पहिला घास खायचा, एवढाच त्याचा पराक्रम. बढाई मात्र अशी, की तो आडवा गेला की माणसं जागच्या जागी थांबतात. कधी आडवा गेला, ते विचारायची सोय नव्हती.

बस स्टँडवरच्या टोळीला आम्ही मोजतच नव्हतो. हॉटेलमागचं उष्टं खाणारी, तेलकट मिशांची जात! त्यांचा पुढारी काळाकुट्ट भज्या. स्टँडचा वास अंगाला लागला, तर चाटून काढल्याशिवाय किल्ल्यात पाऊल टाकायचं नाही, हा आमचा नियम. मीही तो नाक वर करून पाळत होते.

एके सकाळी माझी चिमटी, दीड महिन्याची पोर, तळणाच्या वासामागं स्टँडवर गेली. मी तोफ्याला म्हटलं, सोबत चला. त्यानं अंग ताणलं आणि म्हणाला, हद्द ओलांडली ती आपली न्हाय. बाकीच्यांनी लगेच पंजे चाटायला घेतले. थू असल्या इमानावर! मी एकटीच पळाले.

चिमटी कुर्डुवाडीच्या एसटीखाली, मागच्या चाकापुढं भेदरून बसली होती. गाडी घरघरू लागली. मी हाका मारल्या, ती हलेना. तेवढ्यात भज्या हॉटेलच्या पायरीवरून उठला आणि गाडीच्या तोंडापुढनं सावकाश चालत पलीकडं गेला.

ड्रायव्हर ज्ञानोबानं गिअरवरचा हात काढला आणि इंजिन बंद केलं.

“आडवं गेलं, तेबी काळं,” तो कंडक्टरला म्हणाला. “च्या घिऊ, मंग निघू.”

एवढी मोठी गाडी हाकणारा माणूस मांजराला भ्याला. एरवी मी पोट धरून हसले असते. पण मी चाकापाशी शिरून चिमटीची मानगूट तोंडात धरली होती.

किल्ल्याच्या दरवाज्यात तोफ्या वाट अडवून बसलेला. त्यानं नाक मुरडलं.

“स्टँडचा वास येतोय. चाटून काढ, मंग आत ये.”

मी चिमटीला खाली ठेवलं.

“तुमी एकदा एसटीला आडवं जावा,” मी म्हणाले, “मंग चाटते.”

तोफ्या बाजूला सरकला. पोरीच्या अंगाला भज्यांच्या तेलाचा वास येत होता, आणि मला त्याची पहिल्यांदाच शिसारी आली नाही. मी तिला तशीच आत नेली.