व्हॉल्व्हपर्यंतची रेघ

थेंब पडला तो नशिबाने समासाबाहेर, कापडाच्या कोपऱ्यात. ट्रेसरबाईंनी पेन उचललं आणि टिपकागद दाबला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. ट्रेसिंगच्या त्या निळसर, कडक, खळ दिलेल्या कापडावर पाणी पडलं की तिथली खळ विरघळते आणि पांढरा डाग उठतो, तो कायमचा. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कापडावर असा डाग पडला नव्हता. आणि हे पाणी तर त्यांच्याच डोळ्यातलं होतं.

"बाई, रडताय की काय?" साहेब मागे येऊन उभे राहिलेले त्यांना कळलंच नव्हतं.

"छे हो. डोळे चुरचुरतात. नवा चष्मा अजून डोळ्यांना बसला नाही."

"मागच्या चष्म्यालाही तुम्ही हेच म्हणत होतात."

"तोही बसला नव्हता."

साहेब हसले, पण डागाकडे नजर जाताच गंभीर झाले. शहराच्या पाणीपुरवठ्याचा जुना नकाशा घड्यांवर फाटला होता, त्याची ही नवी प्रत. हाताने काढलेली ही शेवटचीच. पुढची सगळी कामं कॉम्प्युटरवर जाणार होती, आणि महिनाअखेर ट्रेसरबाई निवृत्त होणार होत्या.

"राग मानू नका," साहेब म्हणाले. "पण पुढच्या थेंबाने मधोमध घात केला तर सगळं पहिल्यापासून. सोमवारपर्यंत डोळे ताळ्यावर आले नाहीत, तर मी हे काम बाहेर देतो."

ट्रेसरबाई "बरं" म्हणाल्या. पण शेवटचा नकाशा दुसऱ्या कुणाच्या हातून पुरा होणार, या विचाराने घरी जाईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"वर्षात तीन चष्मे झाले," यजमान म्हणाले. "आता त्या दुकानदाराचेच डोळे तपासायला हवेत. उद्या डॉक्टरांकडे चल मुकाट्याने."

त्यांनी रुमाल पुढे केला. घरातले सगळे रुमाल ऑफिसातल्या रद्द झालेल्या नकाशांचे. गरम पाण्यात खळ निघून गेली की आतून काय तलम सुती कापड निघायचं! त्या वेळी ट्रेसिंग करणाऱ्या सगळ्यांच्याच घरी ते असे. लेकीची पहिली झबली ट्रेसरबाईंनी त्याचीच शिवली होती, आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर कितीतरी दिवस एक पूल पुसटसा दिसत राहिला होता.

डोळ्यांच्या डॉक्टर लेकीच्याच वयाच्या. त्यांनी पापण्या उलटून पाहिल्या, डोळ्यात पिवळा थेंब घालून दिवा धरला आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत तुमचे."

"कोरडे? अहो, धारा लागतात."

"कोरडा पडला की डोळा चिडतो आणि भसकन पाणी सोडतो. त्या पाण्याने ओल टिकत नाही. बरं, हा चष्मा करताना नंबर कसा काढला?"

"छापील कागद हातात दिला, तो वाचून."

"आणि काम करताना कापड किती लांब असतं?"

ट्रेसरबाईंनी हात लांब करून दाखवलं. डॉक्टरांनी टेपने अंतर मोजलं. "हा चष्मा पुस्तकाचा झाला. नकाशासाठी तुम्हाला तो लागू नाही, म्हणून तुम्ही पुढे वाकता आणि डोळे ताणता. पंखा असतो का?"

"टेबलावर. शाई वाळायला. येतो थोडा तोंडावर."

डॉक्टरांनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "काम कसं करता, दाखवा."

ट्रेसरबाई रेघ काढत राहिल्या. डॉक्टर घड्याळ बघत होत्या. "मिनिट झालं," त्या म्हणाल्या. "एकदाही पापणी मिटली नाहीत."

"मिटायचीच नसते," ट्रेसरबाई सहज बोलून गेल्या.

एकोणिसाव्या वर्षी त्या कामाला लागल्या, तेव्हा ट्रेसिंग शिकवणारे मास्तर समोर उभे राहत ते त्यांचं पेन बघायला नव्हे, डोळे बघायला. पेन कापडावर असेपर्यंत पापणी हलता कामा नये. हलली की हात थबकणार, रेघेत जोड दिसणार, आणि जोड दिसला की ते कापड मास्तर एका शब्दानेही न बोलता गुंडाळून बाजूला ठेवणार. ते न बोलणं फार लागायचं.

"दर थोड्या वेळाने पेन खाली ठेवायचं, लांब बघायचं, पापण्या पूर्ण मिटायच्या," डॉक्टरांनी सांगितलं. "थेंब देते, चष्म्याचा नवा नंबर देते. रोज दहा मिनिटं कोमट ओलं फडकं डोळ्यांवर ठेवा."

"मग रेघ तुटेल."

"तुटू दे की."

ट्रेसरबाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

सोमवारी नवा चष्मा घालून त्यांनी पंखा भिंतीकडे वळवला. राहिली होती ती मुख्य नळाची रेघ, टाकीपासून शहराच्या टोकापर्यंत, चांगली दोन हात लांब. मास्तरांनी ती एका दमात काढली असती. ट्रेसरबाई खालच्या जुन्या नकाशाकडे बघत बसल्या. वाटेत ठिकठिकाणी व्हॉल्व्हच्या खुणा होत्या, टोकाला टोक लावलेले दोन छोटे त्रिकोण. नळसुद्धा जमिनीखालून एका दमात गेला नव्हता.

त्यांनी पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत रेघ नेली आणि पेन उचललं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं, ते पाहिलं. पापण्या मिटल्या, उघडल्या. मग तिथूनच पुढची रेघ धरली आणि जोडावर व्हॉल्व्ह काढला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी कापड उजेडात धरलं. "एकसलग काढलीत की हो."

"नाही साहेब. सतरा जोड आहेत. एकेका व्हॉल्व्हखाली एकेक."

साहेबांनी भिंग मागवलं, बराच वेळ फिरवलं आणि खाली सही केली.

निवृत्तीच्या दिवसापर्यंत नकाशा कॉम्प्युटरात उतरवून झाला होता. कापड तुम्हीच ठेवा, म्हणाले साहेब.

"हा तरी धुवू नकोस," यजमान म्हणाले. "भिंतीवर लावू."

"म्हणजे मी त्याच्याकडेच टक लावून बसेन. डॉक्टरांनी तेच नको म्हटलंय."

त्यांनी स्वतः पाणी तापवलं. कापड दोनदा उकळलं, पिळलं, वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी त्यातून एक पट्टी कापली, कोमट पाण्यात भिजवली, आरामखुर्चीत मान टेकली आणि चष्मा काढून यजमानांच्या हातात दिला.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"मी घड्याळ बघतो. तू मिट डोळे."

पट्टीवर मुख्य नळाची रेघ पुसट राहिली होती, या पापणीवरून त्या पापणीवर गेलेली. मधला व्हॉल्व्ह धुण्यात पुसला गेला होता. यजमानांनी घड्याळ बाजूला ठेवलं, बायकोचाच चष्मा आपल्या डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकून जोड कुठे दिसतो का ते शोधलं.

त्यांना तो सापडला नाही.